सोमवारी बसूला सुट्टी

राहत सोलापुरात आमच्या वरच्या मजल्यावर राहते. तिला कुणी ‘इथून ऊठ’ म्हटलं, की ती आणखी ऐसपैस मांडी घालते. हे मी गमतीनं लिहीत नाही. अकरा वर्षांच्या शेजारात मी तिला पाण्याच्या टँकरपुढे असं बसलेलं पाहिलं, लेकीच्या शाळेच्या ऑफिसात पाहिलं, आणि या हिवाळ्यात अशा एका जागी पाहिलं जी जागा फक्त फोनमध्ये आहे.

ती मूळची वैरागची. वडील इसूफ मिस्त्री. स्टँडच्या मागं त्यांचं ट्रक-ट्रॅक्टरचं गॅरेज होतं. राहत अकरा वर्षांची असताना एक ट्रकमालक म्हणाला, “पोरीनं आवळलेलं चाक मला नको, मिस्त्री.” राहत त्याच चाकापुढे जाऊन बसली. मालकाचे दोन चहा झाले तरी उठली नाही. शेवटी त्यानं स्वतः पाना घेतला, सगळे नट तपासले. एकही ढिला निघाला नाही. तो गाडी घेऊन गेला. “माफी नाही मागितली,” असं राहत अजून सांगते, जसं काही ती कालची गोष्ट आहे.

त्या गॅरेजात एक रीत होती. नवीन माणूस आला की आठ दिवस त्याच्या हातात पाना द्यायचा नाही. डिझेलचा बोळा द्यायचा आणि इंजिन पुसायला लावायचं. पुसता पुसता तो विचारायचा, हे काय, ते काय. आणि मिस्त्री सगळं सांगायचे. विचारलेलं जो सांगत नसे त्याला ते कामावर ठेवत नसत, मग तो कितीही चांगला कारागीर असो.

राहतचं लग्न झालं ते मुबीनभाईंशी. ते सोलापूर-हैदराबाद माल नेतात. घरी सासू कमरबी, लेक सना, आणि राहतचं साड्यांना फॉल-पिको करायचं मशीन. लॉकडाउनमध्ये मुबीनभाईंचा ट्रक अडतीस दिवस तेलंगणाच्या हद्दीवर अडकला होता. त्या दिवसांत सनाच्या फोनवर राहतला एक खेळ सापडला. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक आहे. आम्ही त्याला रेसमालक म्हणतो.

यात आपण गाडी चालवायची नसते. आपण मालक. ड्रायव्हर नेमायचा, टायर कडक घ्यायचं की मऊ ते ठरवायचं, पेट्रोल किती भरायचं, मध्ये कुठं थांबायचं, सगळं आधी लिहून द्यायचं. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता शर्यत आपोआप सुटते आणि आपण नुसतं बघत बसतो. समोर दुनियाभरचे लोक असतात, पण एका भाषेच्या लोकांनी आपलं वेगळं मंडळही काढलेलं असतं.

राहत पहिल्या सात शर्यतींत शेवटची आली. मराठी मंडळाच्या ग्रुपवर तिनं विचारलं, माझं काय चुकतंय. कुणी उत्तर दिलं नाही. एकानं अंगठ्याचं चित्र टाकलं, बस्स. दुसरी कुणी असती तर फोन लेकीला परत देऊन टाकला असता. राहत शब्दकोश घेऊन बसली. सहा वर्षांत ती वरच्या फळीत पोचली. ब्राझीलच्या, पोलंडच्या टीमांच्या यादीत एक नाव होतं, ‘इसूफ मिस्त्री, वैराग’. वडील तोवर वारले होते. त्यांचं नाव अकरा कपांवर लागलं, तेही अशा देशांत जिथं ते कधी गेले नाहीत.

आता मुख्य गोष्ट. तीन वर्षांपूर्वी राहतनं भांडून मंडळात नवख्यांचा एक गट सुरू करून घेतला. चोवीस जागा. शर्यतीत या चोवीस गाड्या आणि आणखी सोळा गाड्या, ज्या खेळ स्वतःच चालवतो. दर हंगामात चोवीस जण हौसेनं यायचे आणि त्या सोळा गाड्यांच्या मागं राहून राहून निघून जायचे. पहिल्या हंगामाच्या शेवटी सहा उरले. मग चार. मग पाच. वरच्या फळीतले त्यांना ‘भरती’ म्हणायचे, म्हणजे नुसती जागा भरायला आलेले. दिवाळी झाल्यावर मंडळाच्या मुख्य संयोजकांनी कळवलं, की या हंगामाच्या दहाव्या आणि शेवटच्या शर्यतीत नवख्यांच्या गटातून किमान पंधरा गाड्या उतरल्या नाहीत, तर गट कायमचा बंद.

हे संयोजक म्हणजे गुरुशांत. मूळचे सोलापूरच्या बाळीवेशीतले, आता पुण्यात इंजिनिअर.

त्या दुपारी राहत खाली आली. मी ज्वारी निवडत होते.

“अक्का, तुमची ती वही पाहिजे.”

“माझ्या वहीत काय आहे? दुधाचा रतीब, पाहुणे आणि उपवास.”

“रोज लिहिता ना पण? काय झालं ते जसंच्या तसं?”

“लिहिते.”

“रेसमधलं काय कळतं तुम्हाला?”

“पुढचं चाक कुठलं आणि मागचं कुठलं, एवढं.”

“बस्स. असंच माणूस पाहिजे मला,” असं म्हणून ती माझ्या सुपासमोर बसलीच. “मी विसरले अक्का. मला काय येत नव्हतं, तेच विसरले. नवीन माणूस कुठं अडतो ते मला आता दिसत नाही. तुम्ही खेळा. जिथं अडाल तिथं लिहा. मी मागं बसते. तोंड उघडणार नाही.”

कमरबी तिच्या मागोमाग जिना उतरून आल्या होत्या. हातात तसबीह, म्हणजे त्यांची जपाची माळ. त्या म्हणाल्या, “ये मुँ बंद रखेगी? देखते.”

मी नाही म्हटलं. माझी सकाळची पूजा, स्वयंपाक, श्रावण-कार्तिक, यात गाड्या कुठं बसवू? राहतनं सूप स्वतःकडे ओढलं. ज्वारीतले खडे वेचू लागली. अर्धा शेर निवडून झाल्यावर मी फोन हातात घेतला.

वहीत त्या दिवशीच्या पानावर वर ‘श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न’ आहे आणि खाली लगेच लिहिलंय: ‘१. सुरू कुठून करायचं ते दिसत नाही.’ मग नऊ पानं इंग्रजी अटी, त्या वाचायच्या का? मग टीमचा रंग विचारला, तो का? रंगानं गाडी पळते का? दोनशे ड्रायव्हर दाखवले, प्रत्येकापुढे चौदा आकडे, कुठला आकडा मोठा असणं चांगलं ते लिहिलेलंच नाही. मी आकडे सोडून चेहरे पाहिले. एक फिनलंडचा होता, नाव मला म्हणता येत नाही. डोळे मोठे, शांत. माझ्या माहेरी वळसंगला आमचा एक बैल होता, बसू, अगदी तशी नजर. मी त्याला नेमला आणि त्याचं नाव बसूच ठेवलं.

पेट्रोल विचारलं, मी टाकी फुल्ल केली. टायर विचारलं, सगळ्यात कडक घेतलं, जास्त दिवस टिकेल म्हणून. मागं राहत स्वतःच्याच गुडघ्याला चिमटे काढत होती, पण बोलली नाही. संध्याकाळी देवापाशी दिवा लावला आणि आम्ही तिघी फोनपुढे बसलो. चाळीस गाड्यांत बसू अडतिसावा आला.

“दोघांना तरी मागं टाकलं की,” कमरबी म्हणाल्या.

पुढे कळलं, की चोवीसच्या चोवीस नवख्यांनी टाकी फुल्ल केली होती. आमच्याकडे घरून निघणारा माणूस भरल्या टाकीनंच निघतो. मुबीनभाई टाकी भरल्याशिवाय हैदराबादच्या वाटेवरच्या बोरामणीच्या पुढे जात नाहीत. पण शर्यतीत भरली टाकी म्हणजे नुसतं ओझं. खेळाच्या सोळा गाड्या मध्येच एकदा थांबून पेट्रोल घेतात, म्हणजे निघताना त्या हलक्या असतात, हे मी दुसऱ्या शर्यतीत पाहिलं आणि वहीत लिहिलं. त्या दिवशी बसू छत्तिसावा.

खेळ उघडला की एक हिरवं बटण सारखं लुकलुकायचं. त्यावर लिहिलेलं, ‘सराव’. दाबलं की ड्रायव्हर सरावाला जातो, पडद्यावर टाळ्या वाजतात आणि दुसऱ्या दिवशी बटण पुन्हा लुकलुकतं. रोज दाबायचं. सगळे दाबायचे, मीही दाबायची. फक्त सोमवारी नाही.

आमच्यात सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. वळसंगला माझ्या वडिलांनी कधी ठेवलं नाही, पेरणी खोळंबली तरी नाही. बैलाला धुवायचं, कपाळाला विभूती लावायची आणि सोडून द्यायचं. बसूलाही मी सोमवारी सोडला. आमचे हे हसले.

“फोनमधल्या माणसाला कसला सोमवार?”

“माझ्या घरात आलाय तो. माझ्या घराचा नियम पाळेल.”

तिसरी शर्यत मंगळवारी. आता मी अर्धीच टाकी भरली होती. बसू चौदावा आला. राहतला वाटलं, पेट्रोलमुळे. शुक्रवारी तेवढंच पेट्रोल, तेच टायर, आणि बसू एकतिसावा. पुढच्या मंगळवारी बारावा. राहत ते तीन आकडे एका कागदावर लिहून घेऊन आली.

“अक्का, मंगळवारी तुमचा बसू पळतो आणि शुक्रवारी झोपतो. मंगळवारी काय करता तुम्ही?”

“मंगळवारी काही करत नाही.”

“काहीतरी करता.”

“अगं नाही. सोमवारी तर काहीच करत नाही.”

तिनं माझी वही ओढून घेतली. मागचे सोमवार काढले. दोन्ही पानांवर एकच ओळ होती, ‘सोमवार. बसूला सुट्टी.’

राहतनं त्या ओळीवर बोट ठेवलं. मग तिनं कपाळावर हात मारला. “थकतो तो अक्का. ड्रायव्हर थकतो. मला माहीत होतं. तिसऱ्या वर्षापासून माहीत होतं. वरच्या फळीत सगळ्यांना माहीत आहे.”

“मग सांगितलं का नाही कुणाला?”

“सांगायचं असतं हेच विसरले.” मग वही माझ्या हातात देत, “आणि ते बाकीचे विसरलेले नाहीत. ते सांगत नाहीत.”

थकवा कुठं दिसतो ते तिनं मला दाखवलं. चार पडदे ओलांडून, एका कोपऱ्यात, राखाडी अक्षरात. नवीन माणूस तिथं जाईल कशाला? त्याला तर ते हिरवं बटण दिसतं. तो बिचारा मेहनत करतो. जितकी मेहनत जास्त तितका ड्रायव्हर थकतो, तितका मागं येतो, आणि मागं आला म्हणून आणखी मेहनत करतो. असे आठ जण तोवर सोडून गेले होते. उरले सोळा.

त्याच संध्याकाळी सोळाचे पंधरा झाले असते. उजनीच्या काठावरच्या एका गावातून ज्ञानूचा आवाज आला. ज्ञानू चाळिशीचा, धरणाच्या पाण्यावरच्या मोटारी दुरुस्त करतो आणि सवडीनं मासे धरतो. तो गटात पहिल्या दिवसापासून होता.

“ताई, आमी जातो आता. पाच बारी मागं ऱ्हायलो. रोज सराव करतोय, एक दिस चुकवला न्हाय. हितं आमचं काय काम न्हाय.”

राहतनं फोन तोंडाजवळ धरला. “ज्ञानूभाऊ, तुमच्या गावात मोटार सलग किती तास चालवता?”

“आठ. मग बंद. न्हायतर जळती की.”

“मग ड्रायव्हरला का चालवता सात दिवस?”

“आयला, हे कुटं लिवलंय?”

“कुठंच नाही. मी सांगते म्हणून ऐका. उद्या बटणाला हात लावायचा नाही. आणि टाकी अर्धी.”

“अर्ध्या टाकीवर निगायचं? काळजी वाटंल की ताई.”

“वाटू दे.”

ज्ञानू राहिला. शुक्रवारी तो सतरावा आला आणि त्यानं धरणाच्या पाण्यावर होडीत उभं राहून काढलेला स्वतःचा फोटो ग्रुपवर टाकला.

माझ्या वहीत अडलेल्या जागा एकेचाळीस झाल्या होत्या. राहतनं दोन दिवसांत फॉल-पिकोचं काम बाजूला ठेवून प्रत्येक जागेसाठी एक आवाज रेकॉर्ड करून गटात टाकला. मराठीत, मिनिटाभराचा, जसं गॅरेजात इंजिन पुसताना सांगतात तसा. मागं कुकरच्या शिट्ट्या आहेत, एका ठिकाणी कमरबींचं “और धीरे बोल गे, भागती किधर” आहे. थकव्याचा आवाज मात्र तिनं मला काढायला लावला. मी सांगितलं, की बाबांनो, सोमवारी बैल जुंपू नका.

रविवारी गुरुशांतांचा फोन आला. राहत तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात होती. तिनं स्पीकर लावला आणि फोन कणकेच्या डब्याला टेकवून ठेवला.

“राहतताई, ते सगळे आवाज काढून टाका. उद्या सकाळपर्यंत.”

“का?”

“नियम आहे मंडळाचा. वरच्या फळीतली माहिती खाली द्यायची नाही.”

“थकलेल्या माणसाला झोपू द्या, ही वरच्या फळीतली माहिती आहे?”

“हे बघा, आम्हाला कुणी सांगितलं होतं? धक्के खाऊन शिकलो. तुम्हीही तसंच शिकलात.”

“खाल्ले की धक्के. सात वेळा शेवटची आले. विचारलं तेव्हा तुम्ही अंगठा टाकला होता.”

“मी?”

“तुम्हीच. ठेवलंय मी ते.”

मी पोळी लाटत होते, मला राहवलं नाही. मी म्हटलं, “गुरुशांत, मी गुरम्मा बोलते, राहतच्या खालच्या मजल्यावरची. माहेर वळसंग. तुमची शेती आहे ना रे कुठं?”

“आहे मावशी, अक्कलकोट रोडला.”

“सोमवारी बैल जुंपायचे का तुमच्याकडे?”

“आता ट्रॅक्टर आहे.”

“ट्रॅक्टरच्या आधी.”

“नाही.”

“का नाही?”

“सोमवार म्हणून.”

“तुला कसं कळलं?”

“आजोबांनी सांगितलं लहानपणी.”

“म्हणजे सांगितलं. धक्के खाऊन नाही कळलं.”

पलीकडून हसल्यासारखा आवाज आला आणि लगेच थांबला. “मावशी, तुमचं बरोबर असेल. पण नियम मोडला की वरच्या फळीतली टीम जाते. सगळ्यांनी मिळून केलेला नियम आहे. ताई, सहा वर्षांची टीम आहे तुमची. उद्या सकाळी दहापर्यंत काढा, मी काही पाहिलं नाही असं समजतो.”

राहतनं फोन ठेवला. मला वाटलं, आता काढेल. काढावेत असंही क्षणभर वाटलं, खोटं कशाला लिहू. त्या टीमवर तिच्या वडिलांचं नाव होतं. मी म्हटलं, “राहत, निम्मे आवाज काढ. निम्मे ठेव. सगळ्यांचं राहील.”

“कुठले निम्मे काढू अक्का? टाकीचे काढू की थकव्याचे?”

मी पोळी तव्यावर टाकली.

“अब्बांच्या गॅरेजात विचारलं आणि सांगितलं नाही, असा माणूस टिकला नाही कधी,” ती म्हणाली. “आणि मी त्यांच्या नावाची टीम वाचवायला गप्प बसू? त्यांचंच नाव लावून?”

सोमवारी सकाळी दहाला पाच मिनिटं असताना तिनं बेचाळिसावा आवाज टाकला. त्यात एवढंच होतं: “मी राहत, वैरागची. पहिल्या सात शर्यतींत शेवटची आले होते. तुम्ही शेवटचे आलात तर मला विचारा. दिवसातून दहादा विचारा.”

अकरा वाजता ‘इसूफ मिस्त्री, वैराग’ यादीतून गेली. अकरा कपांच्या जागी पांढरा पडदा. खाली गुरुशांतांनी लिहिलं होतं, की खेळायचं असेल तर पुन्हा तळापासून, नवीन टीमनं, नवख्यांच्या गटात रिकामी जागा असेल तर.

जागा आठ रिकाम्या होत्या. साडेअकराला राहत त्यातल्या एकीवर जाऊन बसली. यावेळी टीमचं नाव तिनं वडिलांचं दिलं नाही. ‘राहत, वैराग’ असं दिलं. खेळानं तिला नऊ पानं अटी दाखवल्या, रंग विचारला आणि हिरवं बटण लुकलुकायला लागलं.

“किती छळतं हे बटण अक्का,” ती म्हणाली. “मी विसरलेच होते.”

नव्या टीमची गाडी जुनाट, ड्रायव्हर कच्चा. सगळं येत असून ती तेविसावी, एकोणिसावी, अशी येत राहिली. वरच्या फळीतल्या एकानं ग्रुपवर लिहिलं, ‘बाईंची भरती झाली’. राहतनं त्याला अंगठा टाकला.

शेवटची शर्यत शुक्रवारी आली आणि नेमकी त्या दिवशी वेळ अमावास्या. आमच्या भागात त्या दिवशी घरात कुणी राहत नाही. सगळा गाव शेतात. कडब्याची खोप, म्हणजे छोटी झोपडी, करून पांडवांची पूजा, मग भाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, दिवसभर जो येईल त्याला जेवण. गटातले बहुतेक जण याच बाजूचे. संध्याकाळी सहाच्या आत पेट्रोल, टायर लिहून दिलं नाही तर गाडी उतरत नाही, आणि माणूस शेतात आंबील पिऊन झाडाखाली आडवा झालेला असणार. राहतनं गुरुवारपासून एकेकाला आवाज पाठवले. “शेताला निघायच्या आधी भरा. आंबिलीच्या आधी. नंतर नाही.”

मी राहतला, सनाला आणि कमरबींना वळसंगला घेऊन गेले. भावानं ज्वारीत छान खोप केली होती. कमरबी भज्जी दोनदा घेऊन म्हणाल्या, “ये रोज कायकू नै बनाते तुम लोगां?” ऊन उतरलं. सहा वाजून गेल्यावर राहतनं यादी उघडली. बांधावर चढलं तरच रेंज येत होती, म्हणून ती आणि मी बांधावर, कमरबी खाली घोंगडीवर.

“मी नावं वाचते, तुम्ही मोजा अम्मी,” राहत म्हणाली.

ती एकेक नाव वाचत गेली. ज्ञानू होता. बार्शीची अंगणवाडीतली मायाक्का होती. माझा बसू होता. कमरबी प्रत्येक नावाला तसबीहचा एक मणी सरकवत होत्या. नावं संपली.

“कित्ते हुए?” राहतनं विचारलं.

“चौदा.”

राहतनं पुन्हा वाचली. पुन्हा चौदा. दोघांनी भरलंच नव्हतं. एकाचा फोन विहिरीत पडल्याचं नंतर कळलं, दुसऱ्याचं अजून कळलेलं नाही. राहत बांधावरच खाली बसली. ती अशी बसलेली मी आधी कधी पाहिली नव्हती. हे बसणं वेगळं होतं, गुडघे छातीशी घेऊन. मी मनात सिद्धरामेश्वराचं नाव घेत राहिले, दुसरं काय करणार.

खालून कमरबींचा आवाज आला. “अगे, तेरा नाम किदर पढी तू?”

“मेरा क्या अम्मी, मैं तो...” आणि ती थांबली.

यादीत बसूच्या खाली होतं. ‘राहत, वैराग. नवखी. गाडी तयार.’ तिनं स्वतःच सकाळी निघायच्या आधी भरलं होतं. वाचताना सवयीनं ओलांडून गेली होती. सहा वर्षांत त्या यादीत आपलं नाव शोधायची तिला सवयच नव्हती.

कमरबींनी आणखी एक मणी सरकवला.

सात वाजता शर्यत सुटली. पंधरा मिनिटांनी गुरुशांतांचा फोन आला. आवाजात राग नव्हता, अडचण होती.

“ताई, तुम्हाला नवखी धरता येत नाही. सहा वर्षं खेळलात.”

“यादी कुणी केली?”

“मंडळानं.”

“मंडळानं माझ्या नावापुढे काय लिहिलंय? वाचा.”

राहतनं यादी पुन्हा उघडली.

“मी वाचू? नवखी. तुम्हीच टाकलंत मला इथं, मी मागितलं नव्हतं. आता इथून उठवायचं असेल तर माझी जुनी टीम, अकरा कप, जागच्या जागी ठेवा आणि मग चौदा मोजा.”

मग गुरुशांत म्हणाले, “पंधरा धरतो. गट राहील.” आणि लगेच, “ताई, पुढच्या हंगामात वरच्या फळीत अर्ज करा. मी मंडळापुढे ठेवतो.”

“नक्को,” राहत म्हणाली. “इथं बरं आहे. आणि ते हिरवं बटण आहे ना, त्याच्या शेजारी थकवा दाखवा म्हणून मी त्या खेळवाल्यांना पत्र लिहिणार आहे. अक्काच्या वहीची पानं जोडून. मंडळाची सही पाहिजे त्यावर.”

“बघू.”

“बघू नाही. सोमवारी फोन करते.”

“सोमवारी नको,” मी मध्येच म्हटलं. “मंगळवारी कर.”

खाली शेतात पोरीबाळी शेकोटी पेटवत होत्या. शर्यत संपली. बसू नववा, ज्ञानू दहावा आणि राहत अकरावी. उजनीकडून लगेच आवाज आला, मागं होडीच्या मोटारीची फटफट.

“काय ताई, आमच्या मागं? टाकी फुल्ल केली व्हती का काय?”

राहतनं फोन तोंडाशी धरला, पण बोलता येईना, इतकी हसत होती. शेवटी फोन तिनं माझ्याकडे दिला. मी ज्ञानूला सांगितलं, की बाबा, आज अमावास्या, ड्रायव्हरला आता दोन दिवस सोड, आणि तूही जेवून घे.